बातमीतला ‘शास्त्रज्ञ’ नेमका कोण?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

संक्रांतीचे हळदीकुंकू आटोपते न आटोपते तोच २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन येतो आणि आपल्याकडच्या बातम्यांत ‘शास्त्रज्ञ’ ही पदवी वाणासारखी वाटली जाते. साखर कारखान्याचा लॅब केमिस्ट शास्त्रज्ञ, माती तपासून देणारा शास्त्रज्ञ, रॉकेटची इंधनटाकी जोडणारा शास्त्रज्ञ, एकरी शंभर टनांचा ऊस काढणारा शेतकरीही शास्त्रज्ञ. पुठ्ठ्याच्या ज्वालामुखीत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ओतणारी सातवीतली मुलगी ‘बालशास्त्रज्ञ’. यातल्या प्रत्येकाचे काम मोलाचे आहे, काहींचे तर शास्त्रज्ञाच्या कामापेक्षा जास्त निकडीचे. पण ती कामे वेगवेगळी आहेत. सगळ्यांना एकाच नावाच्या पोत्यात भरले की पीयूसीला (कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला) बसलेल्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना कुठल्या दाराने कुठे जाता येते हे कळत नाही. म्हणून हे पत्र.

आपल्या बेळगाव सीमाभागात शब्दाचा घोळ मुळातच दुहेरी आहे. मराठीत ‘शास्त्रापुरते दोन दाणे टाका’ म्हणतो तेव्हा शास्त्र म्हणजे रीत. शेजारच्या कन्नडमध्ये ‘गिणी शास्त्र’ म्हणजे पोपटवाल्याने काढलेले भविष्य, आणि सायंटिस्टला तिथे सरळ ‘विज्ञानी’ म्हणतात. आपण मात्र ग्रंथ जाणणारा आणि प्रयोग करणारा या दोघांसाठीही ‘शास्त्र’च वापरतो. इंग्रजीतला मूळ शब्दही फार जुना नाही. विल्यम ह्यूएल यांनी तो १८३० च्या दशकात घडवला. त्याआधी न्यूटनलासुद्धा कुणी सायंटिस्ट म्हटलेले नाही.

फरक पाहायला लांब जायला नको, गाळप हंगामातल्या कारखान्याची प्रयोगशाळाच घेऊ. रसाचा नमुना येतो. फेस बसू दिला जातो, हायड्रोमीटरने ब्रिक्स (रसात विरघळलेल्या घन पदार्थांचे शेकडा प्रमाण) पाहतात, तापमानाची दुरुस्ती करतात. मग लेड सबअ‍ॅसिटेट घालून रस निवळवतात, गाळून २०० मिलिमीटरच्या नळीत भरतात आणि पोलरीमीटरवर पोल (साखरेचे शेकडा प्रमाण) वाचतात. ब्रिक्स २० आणि पोल १७ असेल तर शुद्धता ८५. नमुना तासभर उघडा राहिला तर जंतूंमुळे साखर फुटते, पोल घसरतो आणि नसलेला दोष उसाच्या माथी येतो. फेस बसायच्या आत हायड्रोमीटर सोडला तर ब्रिक्स चुकतो आणि शुद्धताही त्याच्याबरोबर चुकते. एफआरपीचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान ऊसदराचा, हिशेब १०.२५ टक्के पायाभूत उताऱ्यावर (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणावर) होतो, म्हणजे या टेबलावरची चूक शेवटी शेतकऱ्याच्या बिलात उतरते. हे काम अतिशय जबाबदारीचे आहे. पण ते विश्लेषण आहे. पद्धत आधीपासून ठरलेली आहे, ती कुणीतरी आधीच सिद्ध केलेली आहे, आणि केमिस्टने ती दर पाळीला तशीच्या तशी पाळली पाहिजे. त्याने रोज ‘नवा प्रयोग’ केला तर त्याला नोकरीवरून काढावे लागेल.

त्याच उसाकडे दुसऱ्या टोकाने पाहा. को ८६०३२ ही जात आपल्या जिल्ह्यात माहीत नाही असा ऊसवाला नाही. ‘को’ म्हणजे कोइमतूर, तिथली ऊस पैदास संस्था १९१२ पासून आहे. को ६२१९८ आणि कोसी ६७१ या दोन जातींचा हा संकर. ८६ हा आकडा १९८६ सालाचा, आणि जात लागवडीसाठी अधिकृत झाली २००० मध्ये. एवढी वर्षे कशात जातात? कांडी लावली की तोच ऊस पुन्हा उगवतो. नवा ऊस हवा असेल तर तुऱ्यातले बीच घ्यावे लागते, आणि त्या बारीक बीतून उगवलेले प्रत्येक रोप दुसऱ्यापेक्षा वेगळे असते. अशी हजारो रोपे लावायची, त्यातली बहुतेक फेकून द्यायची. उरलेल्यांच्या कांड्या वाढवायच्या, वेगवेगळ्या मातीत, लागणीला आणि खोडव्याला, जुन्या चांगल्या जातीच्या शेजारी लावून तोलायच्या. शेवटी काही हाती लागेल याची खात्री पहिल्या वर्षी कुणालाच नसते. हे शास्त्रज्ञाचे काम. आणि ते जात बाहेर पडल्यावरही संपत नाही: उत्तर प्रदेशात को ०२३८ ने वर्षानुवर्षे भरघोस साखर दिली आणि पुढे लाल कुजीने तिची दाणादाण उडवली. रोगाची बुरशीही बदलत असते.

आता शेतकऱ्याचे. एकरी शंभर टनांचा माणूस ऊस पिकवण्यात कोणत्याही शास्त्रज्ञाला मागे टाकेल, यात आम्हाला शंका नाही. पण त्याने त्या वर्षी बेणे बदलले, सरीचे अंतर वाढवले, ठिबक घातले, एक फवारणीचे औषधही मारले आणि पाऊसही चांगला झाला, तर टनेज कशामुळे वाढले? त्याला ते माहीत असण्याची गरज नाही, त्याला ऊस हवा होता आणि तो मिळाला. औषध विकणारा मात्र फलकावर फक्त औषधाचे नाव लिहितो. खरे पाहायचे असेल तर शेतातच पाहता येते. एकाच प्लॉटचे सहा पट्टे करा, एकाआड एक तीन पट्ट्यांना औषध द्या, तिघांना द्यायचे नाही. बाकी खत, पाणी, बेणे सगळे सारखे. प्रत्येक पट्ट्याच्या कडेच्या सऱ्या वजनात धरू नका, कारण बांधाकडच्या सरीला ऊन आणि जागा जास्त मिळते आणि शेजारच्या पट्ट्यातले औषधही उडून येते. मधल्या सऱ्यांचा ऊस वेगळा तोडून वेगळा तोला. समजा औषधाच्या पट्ट्यांत एकरी ४२, ४७ आणि ३९ टन भरले, बिनऔषधाच्या पट्ट्यांत ४०, ४५ आणि ४१. सरासरीत औषध पाऊण टनापेक्षाही कमी फरकाने पुढे. पण औषध दिलेल्या पट्ट्यांतच आपसात आठ टनांचा फरक आहे! असल्या फरकावर खिशातले पैसे घालू नयेत. हे गणित ज्याने केले त्याने त्या दिवसापुरते शास्त्रज्ञाचे काम केले, मग त्याच्याकडे पदवी असो वा नसो.

इंजिनिअरचा फरक बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चांगला दिसतो. कास्टिंग (साच्यात ओतलेला लोखंडी भाग) मशीनिंगला गेले आणि कातडीखाली टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे निघाली की लॉट परत येतो. फाउंड्रीतला इंजिनिअर काय करतो? मोल्डची (साच्याची) ओली वाळू साधारण ३ ते ४ टक्के ओलाव्याची असावी लागते, ती तपासून ओलावा खाली आणतो, व्हेंट (वायू निघायच्या वाटा) वाढवतो, लेडल (ओतायचे भांडे) नीट तापवून कोरडी करतो, ओतण्याचे तापमान चढवतो. तिन्ही-चारी गोष्टी एकाच दिवशी. छिद्रे थांबली, माल गेला, विषय संपला. त्याच्या जागी हेच बरोबर आहे, कारण त्याला शुक्रवारपर्यंत गाडी भरायची आहे. धातूंचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञाला एवढ्यावर थांबता येत नाही. वाळूतल्या पाण्याची वाफ तप्त लोखंडाला भिडून हायड्रोजन तयार होतो, पातळ लोखंडात तो जास्त विरघळतो आणि लोखंड गोठताना बाहेर पडायला पाहतो, हे त्याला ठाऊक आहे. मग तेवढ्याच ओलाव्याला एका भट्टीचा माल स्वच्छ आणि दुसऱ्या भट्टीचा सच्छिद्र का? भंगारातून आलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा अगदी थोडा अंशही ही छिद्रे वाढवतो, ही गोष्ट अशाच कुणीतरी बाकी सगळे स्थिर ठेवून एकच गोष्ट बदलत गेल्यामुळे कळली. आता इंजिनिअर भंगार निवडताना ती वापरतो. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालते. वाफेचे इंजिन आधी चालू झाले आणि उष्णतेचे नियम नंतर मांडले गेले.

इस्रोबद्दल मात्र वर्तमानपत्रांना पूर्ण दोष देता येत नाही. तिथे बी. ई. झालेल्या मुलाला मिळणाऱ्या पदाचे नावच ‘सायंटिस्ट/इंजिनिअर-एससी’ असे आहे. तरीही फरक करता येतो. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चे लँडर अलगद उतरले, तो इंजिनिअरिंगचा विजय. त्यानंतर त्या लँडरवरच्या दहा तापमापकांच्या सळईने चंद्राच्या मातीत काही सेंटिमीटर खाली तापमान कसे बदलते ते मोजले, तिथून विज्ञान सुरू झाले. पहिल्या कामात उत्तर ठरलेले होते, उतरायचे. दुसऱ्यात ते ठाऊक नव्हते.

डॉक्टर आणि संशोधक यांतला फरक सांगायला आपल्या जिल्ह्याइतके चांगले उदाहरण देशात थोडेच असेल, आणि गंमत म्हणजे ते बेळगावात फारसे कुणाला माहीत नाही. बाळंतपणानंतर ५०० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्त गेले तर त्याला प्रसूतीनंतरचा रक्तस्राव म्हणतात; बायका दगावण्याचे ते एक मोठे कारण. रक्त थांबवणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन थंड जागी ठेवावे लागते, गावात ते जमत नसे. मिसोप्रोस्टॉलची गोळी साध्या तापमानाला टिकते, तोंडाने घेता येते. पण ती गावात, डॉक्टर नसताना, नर्सबाईच्या हातून दिली तर खरोखर उपयोगी पडते का? बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि अमेरिकेतील संशोधकांनी मिळून २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत हे पाहिले.

कसे पाहिले, ते जरा सावकाश वाचावे. १६२० बाळंतिणी. कुणाला खरी गोळी, कुणाला तशीच दिसणारी निव्वळ पिठाची, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरले: ८१२ जणींना ६०० मायक्रोग्रॅमची खरी, ८०८ जणींना खोटी. बाळंतपण करणाऱ्या २५ एएनएम नर्सबाईंना कोणत्या पुडीत काय आहे हे माहीत नव्हते. माहीत असते तर खरी गोळी घेतलेलीचे रक्त नकळत कमी दिसले असते. माणसाचा डोळा असाच आहे. म्हणून रक्त डोळ्याने मोजलेच नाही. बाळ बाहेर आल्यावर बाईच्या खाली प्लास्टिकची चादर सरकवायची, तिच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी आणि पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा. आधी सरकवली तर गर्भजल मिसळून आकडा फुगतो. कपड्यांवरून अंदाज बांधला तर तो कमी भरतो, म्हणून ही खुणांची पिशवी. निकाल: खोट्या गोळीच्या गटात रक्तस्राव १२.० टक्के जणींना, खऱ्या गोळीच्या गटात ६.४ टक्के. वजाबाकी ५.६, म्हणजे साधारण अठरा बायकांना गोळी दिली की एकीचा रक्तस्राव टळतो. थंडी वाजणे आणि ताप येणे हे त्रास खऱ्या गोळीने वाढले, तेही निकालात लिहिले. आता जाणता वाचक विचारेल, की थंडी वाजली की नर्सबाईला गोळी ओळखू येणार नाही का? प्रश्न रास्त आहे, आणि मोजमापाची पिशवी त्यासाठीच महत्त्वाची: ओळखू आले तरी पिशवीवरची खूण हलत नाही. हा निकाल २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी मिसोप्रोस्टॉलला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

आता विचारा, यात शास्त्रज्ञ कोण? समोरच्या बाईचे रक्त थांबवणारा डॉक्टर तिच्यासाठी जे उत्तम ते ताबडतोब करतो, चिठ्ठ्या टाकत बसत नाही. तोच डॉक्टर ‘यापुढे सगळ्यांना काय द्यावे’ असे विचारतो, तुलना आखतो, नीतिसमितीची मंजुरी आणि बाळंतिणीची संमती घेतो, तेव्हा तो संशोधक असतो. माणूस एक, टोप्या दोन. संख्याशास्त्रज्ञाने १६२० हा आकडा काम सुरू होण्याआधी काढून दिलेला असतो, कारण पन्नास बायकांत हा फरक दिसलाच नसता. आणि त्या पंचवीस नर्सबाईंना पगारपत्रकावर शास्त्रज्ञ म्हणत नाहीत; पण रात्री दोन वाजता कंदिलाच्या उजेडातही पिशवीवरची खूण त्यांनी खोटी लिहिली असती तर हे सगळे मातीमोल झाले असते.

इतर जवळचे धंदे थोडक्यात. गणिती प्रयोग करत नाही, सिद्धता देतो, आणि एकदा दिलेली सिद्धता उद्याच्या मोजमापाने मोडत नाही. हवामान खात्यातला निरीक्षक सकाळी साडेआठला पर्जन्यमापक वाचतो. आपल्या एकाच जिल्ह्यात कणकुंबीला धो धो आणि रामदुर्गला कोरडे असे का, हे त्या आकड्यांवरून शोधणारा तो हवामानशास्त्रज्ञ. विज्ञानशिक्षक माहीत असलेले समजावून सांगतो. तेही सोपे नाही, पण शास्त्रज्ञाचे काम माहीत नसलेल्याच्या कडेवर चालते. ‘शास्त्रीय’ हा शब्द जाहिरातीत वापरणाऱ्यांबद्दल न बोललेलेच बरे.

विचारायला येणाऱ्या पालकांसाठी वाटही सांगून ठेवतो. ‘शास्त्रज्ञ व्हायचंय’ म्हटल्यावर आपल्याकडे मुलाला सीईटीला बसवून इंजिनिअरिंगला घालतात आणि वाट तिथेच वळते. सरळ वाट अशी: पीयूसी सायन्स, तीन वर्षे बी. एस्सी., दोन वर्षे एम. एस्सी., मग पीएच. डी. किंवा पीयूसीनंतर आयसरची (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेची) पाच वर्षांची बीएस-एमएस. आयसरच्या प्रवेशाची परीक्षा जेईईपेक्षा वेगळी आहे, तिचा अर्जही वेगळा भरावा लागतो, आणि आपल्याकडची मुले नेमका तोच विसरतात. आयसर पुण्यात आहे, बंगळूरला १९०९ पासूनची भारतीय विज्ञान संस्था आहे. एम. एस्सी.नंतर सीएसआयआर-नेट ही पात्रता परीक्षा वर्षातून दोनदा होते. त्यात जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, घरभाडे वेगळे. पीएच. डी.ला पाच वर्षे धरून चाला, सहाही लागतात. म्हणजे एसएसएलसी (दहावी) झालेल्या मुलाला शास्त्रज्ञ म्हणून स्वतःच्या पायावर उभे राहायला बारा-तेरा वर्षे. घरची ओढ असेल तर हे आधीच मोजून घ्यावे. मराठी माध्यमाचा अडसर आम्हाला वाटतो त्याहून छोटा आहे. शोधनिबंधांचे इंग्रजी रुक्ष आणि ठरावीक असते, वर्षभरात हाताला लागते. जास्त जड जाते ती नोंदवहीची शिस्त. पेन्सिल नाही, खोडरबर नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला तारीख आणि सही. जे जमले नाही तेही लिहायचे, कारण सहा महिन्यांनी तेच उत्तर ठरते. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत ‘अपेक्षित उत्तर’ आणण्यासाठी उलटे गणित करून आकडे भरण्याची जी सवय आम्ही शिक्षकच चालवून घेतो, ती पुढे मुळावर येते.

संपादक महाशय, आपल्याकडून एवढेच हवे. केमिस्टला केमिस्ट, इंजिनिअरला इंजिनिअर म्हणा. त्यात त्यांचाच मान आहे. ‘शास्त्रज्ञांचे म्हणणे’ असे छापण्याआधी बातमीदाराने विचारावे, की तुलना कशाशी केली, किती जणांवर किंवा किती पट्ट्यांवर, आणि निकाल कुठे छापून आला. आणि त्या सातवीतल्या मुलीचे. तिच्या ज्वालामुखीत जे होते ते आधीच सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ते प्रात्यक्षिक. पण तिने पाच बाटल्यांत २०, ४०, ६०, ८० आणि १०० मिलिलिटर व्हिनेगर घेतले, प्रत्येक बाटलीच्या तोंडावर ५ ग्रॅम सोडा भरलेला फुगा चढवला, फुगा उलटा करून सोडा आत पाडला आणि फुग्याचा घेर दोरीने मोजला, प्रत्येक मापाला तीनदा, तर? व्हिनेगर ५ टक्क्यांचे असेल तर ५ ग्रॅम सोड्याला साधारण ७० मिलिलिटर पुरते, त्यापुढे फुगा वाढायला नको. त्याआधीच वाढायचा थांबला किंवा शंभरला लहान आला, तर का, हा तिचा स्वतःचा प्रश्न. गॅस फुग्यातून झिरपला का, द्रवात विरघळला का, व्हिनेगरच पातळ होते का. अशी मुलगी प्रदर्शनात सापडली तर फोटोखाली ‘बालशास्त्रज्ञाची कमाल’ न छापता तिचे पाच आकडे छापा.

आपले,
पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र व जीवशास्त्र शिकवणारे काही शिक्षक,
बेळगाव, खानापूर व निपाणी